आईच्या गाठीतला बदल आणि माझं रक्त

आईच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमधली एकच ओळ मला कळली असं वाटलं, आणि नेमकी तीच मी चुकीची समजले. 'ईजीएफआर जनुकात एल८५८आर म्युटेशन आढळले.' जनुक म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच 'आनुवंशिक' हाच अर्थ बसला. आईचं वय तेव्हा ६६. तिनं जन्मात सिगारेट ओढलेली नाही, बाबांनीही नाही. खोकला दोन महिने हटेना म्हणून एक्स-रे, मग सीटी स्कॅन, मग सुई घालून तुकडा काढणं, आणि शेवटी फुफ्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचाच एक प्रकार.

ती ओळ मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली, हे मी करायला नको होतं. तिनं स्वतःच्या आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "जनुकात म्हणजे रक्तातच ना? मग मी तुम्हा दोघांना हे दिलं का गं?"

पुढचे कितीतरी दिवस ती याच प्रश्नाशी झगडत होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे म्युटेशन सापडलं ते एका अर्थी बरं झालं, कारण नेमक्या याच बदलावर काम करणारी ओसिमर्टिनिब नावाची गोळी आहे, लगेच केमो द्यायला नको. आम्ही सगळे त्या गोळीला धरून बसलो. आई मात्र डॉक्टर बोलत असताना माझ्याकडे बघत होती. तिच्या प्रश्नासाठी त्या दहा मिनिटांत जागाच नव्हती. दुसऱ्या भेटीत मी हट्टानं विचारलं आणि सांगितलं की आईच्या मोठ्या बहिणीला आणि भावालाही फुफ्फुसाचाच कॅन्सर झाला होता. तेव्हा डॉक्टर थांबले, आणि त्यांनी जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे, चिठ्ठी दिली.

मला वाटलं होतं, तिथे गेल्यावर रक्त घेतील. पहिल्या भेटीत कुणी सुई हातात घेतली नाही. काउन्सेलर मॅडमनी एक मोठा कोरा कागद पसरला आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायला घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, कॅन्सर झालेल्याचं चिन्ह काळं भरायचं, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आणि जिच्यापासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण. बाण आईकडे होता. मग प्रत्येकाबद्दल प्रश्न. निदानाच्या वेळी वय किती, सुरुवात कुठल्या अवयवात झाली, सिगारेट-विडी किती आणि किती वर्षं, काम कसलं होतं, अॅस्बेस्टॉसशी संबंध आला का, घरात धूर कोंडायचा का, आधी कधी छातीवर रेडिएशन घेतलं होतं का. निम्म्या प्रश्नांना माझं उत्तर 'विचारून सांगते' एवढंच होतं. आपल्याच माणसांचं किती कमी माहीत असतं, हे त्या दिवशी फार लागलं.

मोठ्या मावशीचा गोल काळा करताना त्यांनी विचारलं, "यांना फुफ्फुसाचाच होता, हे कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? घरात सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटचे महिने तिला श्वास पुरत नव्हता, छातीतलं पाणी दोनदा काढलं होतं. मॅडम म्हणाल्या, जमलं तर कागद शोधा. कॅन्सर फुफ्फुसात सापडणं आणि फुफ्फुसात सुरू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्यांच्या आठवणीत त्या हमखास एक होतात.

कागद मिळायला तीन आठवडे गेले. मावसबहिणीनं आईची, म्हणजे माझ्या मावशीची, फाइल कपाटाच्या तळाशी जपून ठेवली होती, पण वीस वर्षांत एकदाही उघडली नव्हती. तिनं ती माझ्याबरोबर बसून उघडली. आत बायॉप्सीचा एक पिवळा पडलेला कागद होता आणि त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: स्तनाचा कॅन्सर, फुफ्फुसाच्या आवरणात पसरलेला. निदानाच्या वेळी वय ४८. आम्ही दोघी गप्प बसून राहिलो. तिची आई कशानं गेली हे तिला त्या दिवशी नव्यानं कळत होतं. एका कुटुंबाची वीस वर्षांची समजूत चार ओळींत बदलली.

मामाचे कागद खरे निघाले. त्याचा कॅन्सर फुफ्फुसातच सुरू झाला होता, वयाच्या ६३ व्या वर्षी. पण तो रोज दोन पाकिटं ओढायचा, पस्तीस वर्षं. डॉक्टर मंडळी हे 'पॅक-इयर' या हिशेबात मोजतात: रोजची पाकिटं गुणिले वर्षं. मामाचे सत्तर झाले. सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या पंधरा ते तीसपट असतो. मॅडम म्हणाल्या, एवढं मोठं कारण समोर असताना त्याच्या मागे आनुवंशिक कारण दडलेलं असेलही, पण या एका चौकोनावरून ते ओळखता येणार नाही.

मग मी आईचा प्रश्न काढला. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत उपयोगी अर्ध्या तासांपैकी तो एक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जनुकातले बदल दोन तऱ्हांचे. एक, आईच्या बीजातून किंवा बापाच्या वीर्यातून आलेले. ते शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात आणि पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता दर अपत्यामागे निम्मी असते. दुसरे, जन्मानंतर कधीतरी एखाद्या पेशीत घडलेले. ती पेशी वाढत गेली की तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत तो बदल असतो, पण बाकीच्या शरीरात नसतो. एल८५८आर हा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या तऱ्हेचा. मॅडमनी रिपोर्टमधला एक आकडा दाखवला, ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं: ट्यूमरच्या तुकड्यातल्या या जनुकाच्या प्रतींपैकी २३ टक्के प्रतींत बदल. जन्मजात बदल असता तर साधारण निम्म्या प्रतींत दिसला असता, कारण प्रत्येक पेशीत या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. नुसत्या आकड्यावरून शिक्का मारता येत नाही, हेही त्यांनी बजावलं. पण याच जनुकात टी७९०एम नावाचा एक बदल आहे, तो त्या मुद्दाम शोधतात. तो बहुधा जुन्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या ट्यूमरमध्ये उपचारानंतर उगवतो. गोळी सुरू करण्याआधीच तो दिसला, आणि तोही निम्म्याच्या आसपास, तर मात्र कान टवकारायचे. २००५ साली एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा बदल जन्मतःच पिढ्यान्पिढ्या चालत आलेला होता आणि अनेकांना फुफ्फुसाचा कॅन्सर झालेला होता. अशी कुटुंबं फार थोडी. आईच्या रिपोर्टमध्ये टी७९०एम नव्हता.

घरी आल्यावर मी आईच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तुझ्या गाठीतला जो बदल आहे ना, तो गाठीतच आहे. आम्ही जन्मलो तेव्हा तो तुझ्यात नव्हताच. तू आम्हाला दिलेला नाहीस."

तिनं मला ते तीनदा सांगायला लावलं. मग उठून दादाला फोन केला आणि त्यालाही मलाच सांगायला लावलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

इथे थांबता आलं असतं. पण मावशीच्या कागदानं नवा प्रश्न उभा केला होता. एका बहिणीला ४८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर, दुसरीला सिगारेट न ओढता फुफ्फुसाचा. काही जनुकं अशी आहेत की ती पेशीतल्या डीएनएची डागडुजी सांभाळतात, आणि त्यांची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली की एकाहून अधिक अवयवांत कॅन्सरची शक्यता वाढते. टीपी५३ हे त्यांतलं सर्वांत गंभीर. त्यातल्या जन्मजात बिघाडानं होणारा ली-फ्रॉमेनी सिंड्रोम १९६९ साली वर्णिला गेला; अशा घरांत स्तन, हाडं, मेंदू आणि फुफ्फुसाचेही कॅन्सर कमी वयात दिसतात, आणि त्यात सिगारेटची भर पडली की फुफ्फुसाचा धोका आणखी चढतो. बीआरसीए२ लोक स्तनाच्या कॅन्सरमुळे ओळखतात, पण त्यातला एक दुर्मिळ बदल फुफ्फुसाच्या स्क्वॅमस नावाच्या कॅन्सरप्रकाराशी जोडलेला असल्याचं २०१४ मध्ये दिसलं. एटीएम, चेक२ अशी आणखीही नावं आहेत. मॅडमनी या सगळ्यांची एकत्र तपासणी सुचवली, ज्याला पॅनेल म्हणतात.

"माझं रक्त घ्या," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी आईचं." मला ते पटेना, आईला आधीच पुष्कळ सुया झाल्या होत्या. त्यांनी समजावलं: तुमची तपासणी कोरी आली तर दोन अर्थ होतील. घरात बदल आहे आणि तुम्हाला मिळाला नाही, किंवा घरात असा बदल मुळातच नाही. दोन्हींत फरक करता येणार नाही, तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. जिला आजार आहे तिच्यात काय आहे ते आधी कळलं, तर तुमच्यात नेमकं काय शोधायचं ते ठरतं.

संमतीपत्र चार पानी होतं. आईनं प्रत्येक ओळ वाचली. शोधत नसलेलं काही सापडलं तर सांगायचं का? निकाल आणखी कुणाला द्यायचा? निकाल येईपर्यंत तुम्ही हयात नसाल तर कुणाच्या हाती द्यायचा? या शेवटच्या प्रश्नापाशी मला रडू फुटलं. आईनं शांतपणे माझं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त, बस. एवढ्याशा रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढतात.

पाच आठवडे वाट पाहिली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फोन वाजला की दचकायचे एवढंच.

निकालात टीपी५३ स्वच्छ, बीआरसीए१ आणि २ स्वच्छ, ईजीएफआर स्वच्छ. एटीएममध्ये एका जागी एक अक्षर बदललेलं होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं 'अर्थ अनिश्चित'. बोलताना सगळे याला व्हीयूएस (व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स) म्हणतात. अशा बदलांच्या पाच पायऱ्या असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. २०१५ पासून बहुतेक प्रयोगशाळा हीच उतरंड वापरतात. आई बरोबर मधल्या पायरीवर होती.

मला त्या क्षणी असं वाटलं की कारण सापडलं. मावशीचा स्तनाचा कॅन्सर, एटीएम, आई, सगळं जुळतंय. मी म्हटलं, आता माझ्यात हा बदल आहे का बघा. मॅडमनी नाही म्हटलं. मी जरा चिडलेच. त्यांचं म्हणणं असं: प्रत्येक माणसात लाखो अक्षरं इतरांपेक्षा वेगळी असतात आणि त्यांतली बहुसंख्य निरुपद्रवी असतात. हा बदल त्यांतलाच एक असू शकतो. तुमच्यात तो सापडला तर तुम्ही भीतीनं जगाल, नाही सापडला तर निष्काळजी व्हाल, आणि दोन्ही वेळा आधार काहीच नसेल. व्हीयूएसवरून कुठलाही वैद्यकीय निर्णय घ्यायचा नसतो, त्यासाठी नातेवाइकांना तपासायचंही नसतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला आजही टोचते. जगातल्या जनुकीय माहितीच्या साठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. एखादा बदल हजारो निरोगी माणसांत दिसला तर तो निरुपद्रवी म्हणता येतो. पण ज्या समाजांतली माणसं त्या साठ्यात थोडीच, त्यांच्यातले साधे-सरळ बदलही 'अनिश्चित' म्हणून अडकून पडतात. आपल्यासारख्यांच्या वाट्याला हे 'अनिश्चित' जास्त येतं, ते यामुळे. म्हणून आईचे निनावी निकाल संशोधनासाठी वापरायला आम्ही होकार दिला.

आता दादाबद्दल. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे.

दादा ४८ वर्षांचा, बावीस वर्षं रोज एक पाकीट. आई आजारी पडल्यावर त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आईनं कधी ओढली नाही, तिला झाला. म्हणजे सगळं जनुकांवर आहे, सिगारेटनं काय होतं?" त्यानं कुणालाही न सांगता लाळेची घरबसल्या करायची तपासणी मागवली. त्यात १५ व्या गुणसूत्रावरच्या एका बदलाच्या दोन्ही प्रती त्याच्यात निघाल्या आणि समोर 'फुफ्फुसाच्या कॅन्सरचा वाढीव धोका' असं लिहून आलं. तो कागद घेऊन तो माझ्याबरोबर मॅडमकडे आला. चेहरा उतरलेला होता, पण मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत असावं. लिहिलेलंच आहे, मग सोडून काय उपयोग.

मॅडमनी आधी सांगितलं की अशा तपासण्यांना निदान मानायचं नसतं, आणि मग त्या बदलाची गोष्ट सांगितली. २००८ साली तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी हजारो रुग्ण आणि निरोगी माणसांचे डीएनए ताडून पाहिले, आणि तिघांचंही बोट १५ व्या गुणसूत्राच्या त्याच भागावर पडलं. पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टरना) निकोटिन चिकटतं, त्यांची जनुकं तिथे आहेत. दादाकडे असलेल्या बदलानं ग्राहकाच्या एका घटकातलं एकच अमिनो आम्ल बदलतं. एरवी निकोटिन फार झालं की मेंदू 'पुरे' म्हणतो. हा बदल असलेल्यांत ती सूचना मंद पडते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. माणूस जास्त ओढतो, खोल ओढतो, सोडणं जड जातं. एका प्रतीमागे कॅन्सरचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो, दोन प्रती असल्या तर ऐंशीच्या आसपास.

"आणि हाच बदल असलेला माणूस सिगारेट ओढतच नसेल तर?" दादानं विचारलं.

"तर त्याच्यात असा वाढीव धोका जवळजवळ दिसतच नाही. तुमच्यातला हा बदल सिगारेटच्या वाटेनंच काम करतो."

दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मॅडम एवढंच म्हणाल्या, की सोडल्यापासून दहा-पंधरा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, आणि हा बदल असलेल्यांनाही सोडण्याचा फायदा मिळतो. इतरांपेक्षा तुम्हाला जड जाईल, म्हणून पहिल्या दिवसापासून औषध आणि मदत घ्या, मनाच्या जोरावर विसंबू नका. माझ्या मते या सगळ्या प्रवासात जनुकीय माहितीचा सर्वांत खरा उपयोग इथे झाला. आजवर 'तुझ्यात निर्धारच नाही' असं आम्ही त्याला हिणवत आलो होतो. मीही. ते मला मागे घ्यावंसं वाटलं आणि परतीच्या वाटेवर मी ते बोलूनही दाखवलं.

त्याचे पॅक-इयर बावीस. अमेरिकेतल्या २०२१ च्या शिफारशीनुसार वीस पॅक-इयर आणि वयाची पन्नाशी गाठलेल्यांनी, जे अजून ओढतात किंवा ज्यांनी गेल्या पंधरा वर्षांत सोडली, दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन करावा. २०११ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत अशा स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले होते. दादाला दोन वर्षं बाकी होती. ती तारीख त्यानं लिहून ठेवली.

मलाही स्कॅन हवा होता. माझ्या आईला झाला, हे कारण पुरेसं नाही का? छातीच्या डॉक्टरांनी हिशेब मांडला. आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाला हा कॅन्सर असला तर धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो. पण सिगारेट न ओढणाऱ्याचा मूळ धोकाच लहान असतो, लहान आकड्याची दीडपटही लहानच. उलट स्कॅनमध्ये बारीक गाठी पुष्कळांना दिसतात, बहुतेक निरुपद्रवी, पण त्यांच्यामागे पुन्हा स्कॅन, कधी सुई, कधी ऑपरेशन. तैवाननं मात्र २०२२ पासून घरात हा आजार असलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या लोकांनाही सरकारी तपासणीत घेतलं आहे, कारण तिथे न ओढणाऱ्या बायकांत हा कॅन्सर पुष्कळ दिसतो. म्हणजे यावर जगात एकमत नाही. मी एकदा स्कॅन करून घेतला, स्वच्छ आला. दरवर्षी करणार नाही असं ठरवलं. कुणी वेगळं ठरवलं तर मला ते चूक वाटणार नाही.

आईलाच का, हा प्रश्न तसा उरलाच. एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाबद्दल सांगितलं. निरोगी फुफ्फुसांतही वयाबरोबर ईजीएफआरमध्ये बदल झालेल्या तुरळक पेशी असतात आणि एरवी त्या निपचित पडून राहतात. हवेतले अतिसूक्ष्म कण आत गेले की सूज येते, आणि त्या सुजेनं अशा पेशी वाढीला लागू शकतात. आईनं ते लक्ष देऊन ऐकलं. तिच्या बाबतीत तसंच झालं का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ती म्हणाली, "असू दे. मुलांना दिलं नाही ना, मग मला चालेल."

वीस महिन्यांनी मॅडमचं पत्र आलं: एटीएममधला तो बदल आता 'बहुधा निरुपद्रवी' या पायरीवर गेला आहे. आई गोळीवर होती, स्कॅनमध्ये गाठ आक्रसून स्थिर होती. आम्ही तिघंही मॅडमना भेटायला गेलो. त्यांनी तोच मोठा कागद बाहेर काढला. दादाच्या चौकोनाखाली 'रोज २०' लिहिलं होतं, त्यावर रेघ मारून 'बंद, ११ महिने' असं लिहिलं.

आई कागदावर वाकून बघत होती. मावशीच्या तिरकी रेघ मारलेल्या गोलावर तिनं बोट ठेवलं. गोलाखाली फक्त 'स्तन, ४८' एवढंच होतं. तिनं विचारलं, "इथे ताईचं नाव नाही?" मॅडम म्हणाल्या, या कागदावर नावं घालत नाहीत, पण ही प्रत मी तुम्हालाच देते. आणि त्यांनी पेन पुढे केलं. आईनं चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर करत, मावशीचं नाव लिहिलं.